कामगाराची सुट्टी आणि समुद्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले, तेव्हा विषय आम्हीच निवडावा अशी मोकळीक दिली. युनियनच्या माणसाने वेतन, बोनस, फार तर कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तही आहे. परंतु या तीनही गोष्टींवर आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांबाहेर उभे राहून बोलत आलो आहोत, आणि तेथला कर्णा या सभागृहातील कर्ण्यापेक्षा मोठा असतो. म्हणून आज सुट्टीवर बोलावे असे आम्ही ठरविले. सुट्टी मिळविण्यावर थोडे आणि ती कशी घालवावी यावर पुष्कळ. त्यातही एकाच सहलीचा आराखडा आपल्यापुढे मांडावयाचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या कामगाराने सहकुटुंब मालवणास जावे, पाण्याखालचे प्रवाळ पाहावे, सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, आणि तेथल्या माणसांच्या हातचे चार दिवस जेवून परत यावे.

हा विषय डोक्यात कसा शिरला ते सांगतो. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहे. गेल्या दिवाळीत त्याने आपल्या सहलीचा कागद आम्हांस दाखविला. तो मित्रांसह मेक्सिको देशात जावयाचा होता. कागदावर तीन रकाने आखलेले होते : पहिल्यात प्रवाळाच्या रांगांत बुडी मारणे, दुसऱ्यात माया लोकांची पडकी देवळे, तिसऱ्यात तिकडचे खाणेपिणे. कोणत्या महिन्यात वादळे येतात, कोणत्या दिवशी बोट मिळते, कोठे किती खर्च येईल, सगळे लिहिलेले. इतका तपशीलवार कागद आम्ही तोवर फक्त मागणीपत्राचाच पाहिला होता. बापाने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि मुलाला विचारले, "अन् समुद्र लई खोल असते काय बाप्पा तिकडं?" या माणसाने कारखान्यात बत्तीस वर्षे काढली. प्रत्येक वर्षी हक्काची रजा साठविली आणि तिचे पैसे घेतले. त्या पैशांत मुलाचे शिक्षण झाले. त्याने स्वतः समुद्र पाहिलेला नाही.

मुलाला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. उलट त्याचा कागद आम्ही मागून घेतला आणि नगर वाचनालयात बसून मेक्सिकोवर मिळेल ते वाचून काढले. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाची ही जुनी खोड आहे. तेथे युकातान नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यापासून खाली होंडुरासपर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीची प्रवाळाची रांग पसरली आहे. काठावर तुलुम, आत चिचेन इत्झा अशी माया लोकांची नगरे आहेत. ती ज्यांनी उभारली त्यांच्यापाशी लोखंडाची हत्यारे नव्हती, बैल नव्हता, घोडा नव्हता; सारा दगड माणसाच्या पाठीवरून चढला. पुस्तकांत पुष्कळदा असे लिहिलेले असते की, माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले. हे खरे नाही. लक्षावधी माणसे आजही ती भाषा बोलतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच लोकांना कर्जाच्या दोरीने बांधून घायपाताच्या मळ्यांत राबविले जाई, आणि त्या घायपाताच्या सुतळीने अमेरिकेतल्या गव्हाच्या पेंढ्या बांधल्या जात. आमच्यासारख्याला पिरॅमिडापेक्षा ही हकीकत जवळची वाटली, हे कबूल करतो.

पण त्याच पुस्तकांत एक अशी गोष्ट सापडली की, आम्ही खुर्चीवरून उठलो. माया लोकांच्या त्या प्रदेशाखाली एक प्रचंड विवर गाडलेले आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी तेथे आकाशातून एक महाकाय पाषाण कोसळला. विवराचा व्यास दीडशे किलोमीटरहून मोठा. चिक्षुलुब नावाच्या गावाजवळ त्याचा मध्य आहे. वर जमीन सपाट दिसते. पण विवराच्या कडेकडेने गोड्या पाण्याचे खोल डोह पडलेले आहेत, आणि नदी नसलेल्या त्या मुलखात त्या डोहांच्या आधाराने माया लोकांनी गावे वसविली. आता आपण आपल्या जिल्ह्याकडे या. लोणारचे विवर असेच उल्केच्या आघाताने झाले. ते फार लहान, व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि पुष्कळ अलीकडचे. मात्र ज्या काळ्या दगडात ते पडले, तो दगड ज्वालामुखीतून लाव्हा होऊन वाहिला तो काळ, आणि मेक्सिकोत तो पाषाण कोसळला तो काळ, हे जवळजवळ एकच. लोणारच्या काठाशी धारेचे गोडे पाणी आहे, विवराच्या उतारावर पडकी देवळे आहेत, गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. म्हणजे विवर, गोडे पाणी आणि प्राचीन अवशेष हा मेक्सिकोचा मेळ लोणारास जमलेला आहे. २०२० साली सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठाले मथळे दिले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. परंतु या सभागृहात असे किती जण असतील की ज्यांनी लोणारच्या विवरात पायी उतरून फेरी घातली आहे? हात वर करू नका, आम्हांस अंदाज आहे.

तेव्हा अवशेष आहेत. ठेचा-भाकरीचे खाणे आहे. ठेच्यातली मिरचीही मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतातून इकडे आली. आपल्यापाशी नाही तो फक्त समुद्र.

समुद्राशी आपला संबंध मुळीच नव्हता असे मात्र नाही. १८७० साली जलंब ते खामगाव ही रेल्वेची फाटाशाखा सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगावात आमच्यासाठी त्यांना येववले नव्हते. त्यांना कापूस हवा होता. शेतातला कापूस जिनात, जिनातली रुई प्रेसमध्ये, प्रेसमधली गाठ आगगाडीत, आगगाडीतून मुंबईच्या बंदरात आणि तेथून विलायतेस. गेली दीडशे वर्षे आपल्या जिल्ह्यातली गाठ समुद्र पाहून येते. ती बांधणारा माणूस मलकापूर स्टेशनापर्यंतही क्वचितच जातो.

आता सुट्टीच्या हक्काकडे वळू. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण टाळता येणार नाही. आपल्याकडे आठवड्याची सुट्टीसुद्धा कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. भरपगारी वार्षिक रजा ही त्याच्या फार पुढची गोष्ट. १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांनी मोठा संप करून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळविली, आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. चार दिवसांहून कमी नाही अशी रजा मंजूर झाली, तर रजेचा पगार रजा सुरू होण्यापूर्वी हातात द्यावा, असेही त्या कायद्यात होते. हे कलम किती कामगारांनी कधी वापरले? आम्ही ते फाटकावर वाचून दाखविले, तेव्हा मुकादमालाही नवल वाटले होते.

२०२० साली संसदेने संमत केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली नवी संहिता हीच रजा १८० दिवसांच्या कामावर देते. ऐकायला बरे वाटते. पण आपल्या जिनिंगचा हंगाम मोजा. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता सव्वाशे दिवसही धड भरत नाहीत. हंगामी माणूस २४० च्या दाराबाहेर होता तो १८० च्याही दाराबाहेरच उभा आहे. त्याच्यासाठी भांडण चालू राहील. दुसरी गोष्ट अशी की, वर्षाअखेर मागणी करून न वापरलेल्या रजेचे पैसे घेण्याची मुभा या संहितेत आहे. आम्ही तिला विरोध करीत नाही. मघाशी सांगितलेल्या बापाने त्याच पैशांतून मुलगा शिकविला. त्याला रजा का विकलीस असे विचारणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. आमचे म्हणणे इतकेच की, वर्षाला पंधरा दिवस मिळत असतील तर आठ विका, सात ठेवा. दोन-तीन वर्षांतून एकदा ते सात दिवस बायकामुलांसह समुद्राकाठी घालवा. त्यासाठी पैसा लागतो, त्याचाही हिशेब मांडतो.

आमच्या युनियनमध्ये बारा कुटुंबांची एक प्रवास-भिशी आहे. दर कुटुंबाने महिन्यास पाचशे रुपये टाकावयाचे. चोवीस महिन्यांत कुटुंबामागे बारा हजार जमतात. लग्न, बारसे, तेरावे, कशासाठीही ही रक्कम मधून उचलता येत नाही, दवाखान्यासाठी येते. एवढ्या पैशात राजेशाही होत नाही. चार माणसांचा साध्या गाडीचा प्रवास, साधी घरगुती खोली आणि साधे जेवण यांचा बराचसा भार त्यातून उचलला जातो, राहिलेले घरून घालावे लागते. महिलांना राज्य परिवहनच्या गाडीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. म्हणून आजीला घरी ठेवू नका. आजी बरोबर असली म्हणजे पोरेही सांभाळली जातात आणि हिशेबही.

वेळ कोणती निवडावी, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. कोकणात जूनपासून ऑगस्टपर्यंत समुद्र खवळलेला असतो. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीही बंद असते, मग आपले बुडी मारणे दूरच. पाणी सर्वांत स्वच्छ असते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच जिनिंगचा भर हंगाम. निसर्गाने हे वेळापत्रक आखताना कामगारांच्या प्रतिनिधीस बोलावलेले दिसत नाही. कायम नोकरीवाल्याने जानेवारीत जावे. नाताळची गर्दी ओसरलेली असते व खोल्यांचे भावही उतरतात. हंगामी कामगाराने मात्र एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा. पाणी थोडे गढूळ, घाम पुष्कळ, पण समुद्र बहुधा शांत असतो. आणि आपल्याकडे बेचाळीस अंश असताना तिकडचा वारा बरा वाटतो. मेच्या अखेरीस जाऊ नये. २०२२ च्या मे महिन्यात, अखेरच्याच आठवड्यात, तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी अंगात तरंगजाकीट हवे, बंद आवळलेले हवेत, आणि बोटीत ठरल्याहून अधिक माणसे दिसली तर उतरून यावे. पैसे बुडाले तरी चालतील.

मार्ग असा. मलकापूर किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तेथून लोकलने दिवा, आणि दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडीची पॅसेंजर. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी कधी कधी आपल्याच मार्गाने सोडतात. ती चालू आहे का, याची स्टेशनावर चौकशी करावी. पॅसेंजर दिवसभर रखडत जाते, पण पोरांना बोगदे मोजायला मिळतात. हा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध खुला झाला. तो बांधताना जे मजूर दगावले, त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकापाशी श्रमशक्ती स्मारक आहे. गाडी थांबते तेवढ्या वेळात उतरून पाहण्याजोगे नाही, निदान खिडकीतून पोरांना सांगावे. संध्याकाळी कुडाळ येते. तेथून मालवण तीस किलोमीटरच्या आत, एस्.टी.ने.

सिंधुदुर्गाविषयी फार बोलत नाही. आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पाया घातला, आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तट जवळजवळ तीन किलोमीटर, आतले क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर. आपल्या जिल्ह्याच्या माणसाने तेथे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांच्या आईचे माहेर सिंदखेडराजा, त्या राजाने हा जलदुर्ग बांधला. म्हणून आमच्या सहलीची सुरुवात आम्ही महिनाभर आधी सिंदखेडराजास करतो. एका रविवारी एस्.टी.ने जायचे, लखुजी जाधवांचा वाडा व समाधी पाहायची, वाटेत लोणार करायचे, भाकरी बांधून न्यायची. पोरांना तेथे एकदा नेले, म्हणजे पुढे समुद्रातला तट पाहून ती आपसूक प्रश्न विचारतात. किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे लोणार पाहिलेल्या पोरास चटकन उमजते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हा आहे. आत काही कुटुंबे आजही राहतात, हे विसरू नये. त्यांच्या ओसरीवर खरकटे टाकू नये.

होडीतून जाताना आम्ही होडीवाल्यास पहिला प्रश्न विचारला, "तुमची संघटना आहे का?" त्याने आमच्याकडे वळून पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही खयसून इलास?" बुलढाण्याहून म्हटल्यावर त्याने विचारले, ते कुठे आले? आम्ही म्हटले, जिथून तुमच्या अंगातल्या बनियनचा कापूस येतो तिथे. मग जमले.

आता प्रवाळ. येथे थोडा अधिक वेळ घेणार आहोत, कारण इकडे या विषयाची माहिती कमी आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे; तो एक अतिशय बारीक प्राणी. असे लाखो प्राणी एकमेकांस चिकटून राहतात आणि प्रत्येक जण आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल उन्हातून अन्न तयार करते, त्यातले बरेचसे प्रवाळास देते. प्रवाळ त्याला राहायला जागा आणि लागणारे क्षार देतो. घरमालक आणि भाडेकरू यांचे संबंध इतके सलोख्याचे आम्ही अन्यत्र पाहिले नाहीत. पण पाणी नेहमीपेक्षा थोडे जरी तापले आणि तसे काही आठवडे राहिले, तरी हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू लागतो. १९९८ साली, २०१६ साली आणि पुन्हा २०२४ च्या सुमारास जगभरच्या समुद्रांत हे झाले. मेक्सिकोच्या रांगेतही झाले. पाणी तापविण्यात आपल्या भिशीचा वाटा नगण्य आहे. तरी जे हाताने मोडते ते तरी मोडू नये. नांगर प्रवाळावर पडला की अनेक वर्षांची वाढ एका क्षणात जाते. म्हणून बोट तरंगत्या बोयीला बांधणारा नाखवा निवडावा, आणि तसे त्याला आधी विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की बोयी लागतात. तळाशी पाय टेकू नये. माशांचे छायाचित्र यावे म्हणून पावाचे तुकडे टाकण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे. तेही करू नये. पोळी आपण खावी, मासा त्याचे बघून घेतो. आणि प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणू नये. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. तेथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो समजून घेण्याजोगा होता. ज्या पाण्यावर पोट, त्या पाण्यावर रेघ ओढली आणि ओढण्यापूर्वी विचारले नाही, तर माणूस चिडणारच. त्याच पाण्यात मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी मासे ओरबाडून नेणारी मंडळी वेगळी. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, ते लहान मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केलेल्या ओरडीमुळे. प्रवाळ वाचवायचे तर त्या लहान मच्छीमारास बरोबर घेऊन, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज त्यांचीच मुले बुडी शिकवतात. अठरा-वीस वर्षांचा पोरगा, पन्नाशीच्या जाड्या पाहुण्याचा हात धरून त्याला तळाशी नेतो आणि सुखरूप वर आणतो, दिवसातून कितीतरी वेळा. हंगाम संपला की त्याला पगार नाही. आम्ही त्यालाही १८० दिवसांचा हिशेब समजावून सांगितला.

बुडी दोन तऱ्हेची. तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगणे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पाठीवर हवेचा नळकांडा घेऊन खाली जाणे, ते स्कुबा. पोहता येत नसले तरी दोन्ही प्रशिक्षकाबरोबर करता येतात. खाली जाताना एक नियम पक्का : श्वास कोंडून धरायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे भरलेली छाती तशीच कोंडून माणूस वर आला, तर आतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. कान दुखू लागले तर नाक दाबून हळूच फुंकावे, न सुटल्यास खूण करून वर यावे. सर्दी, दमा, फेफरे, हृदयविकार असणाऱ्याने उतरू नये. बुडीनंतर त्याच दिवशी घाटही चढू नये, कारण दाबाखाली रक्तात मिसळलेला नत्रवायू सावकाश बाहेर पडावा लागतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी असतो. म्हणून बुडी मधल्या दिवशी ठेवावी, परतीच्या दिवशी कधीच नाही. आंबोली किंवा फोंडा घाटाने एस्.टी.ने कोल्हापूरकडे परतणाऱ्यांनी तर हे अवश्य पाळावे.

उतरण्यापूर्वी प्रकृतीचा एक कागद भरून घेतात. बहुतेक पाहुणे तो न वाचता सही करतात. आम्ही आमच्या तुकडीला तो मोठ्याने वाचून दाखविला. आमच्यात अठ्ठेचाळीस वर्षांचा एक जिन कामगार होता. वीस हंगाम रेच्यावर काढलेले. "छाती आवळून येते काय?" या प्रश्नाशी तो थांबला. म्हणाला, येते, सोमवारी येते. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली म्हणजे हा आजार होतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. लोखंड्यांनी मिळवून दिलेला रविवार आमच्या माणसाच्या छातीत असा मोजला जातो. नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हा रोग आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांना त्याची भरपाई मिळाली, हा प्रश्न आम्ही येथे नुसता ठेवून पुढे जातो.

प्रशिक्षकाने त्याला स्कुबास नकार दिला, आणि योग्य केले. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, जिनानं माही छाती ठेवून घेतली." दोन वर्षे त्याने भिशीत पैसे टाकले होते. आम्हांला शब्द सुचला नाही. नाखव्याच्या पोरालाच सुचले. तो म्हणाला, काका, खाली नको, वर तरंगा, मी हात धरतो. तरंगजाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि दम लागला की लगेच डोके वर, असे ठरवून तो उथळ पाण्यात पालथा झाला. बायको बोटीतून पाहत होती. पाच-पाच मिनिटांनी डोके वर काढीत त्याने अर्धा तास घालविला. वर आल्यावर आम्ही विचारले, काय दिसले? तो म्हणाला, "सरकीच्या ढिगावानी हाय थे. पन जितं हाय." प्रवाळाचे याहून नेमके वर्णन आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. मालवणचे पाणी मेक्सिकोच्या चित्रांइतके निळे नसते, हेही सांगून ठेवतो. काही दिवशी हातभर दिसते, काही दिवशी चांगले सहा-सात मीटर. ढिगाच्या आकाराचे, तबकासारखे, वळ्यावळ्यांचे असे प्रवाळ आणि त्यांच्या मधून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, एवढे दिसले तरी दिवस सार्थकी लागला समजावे.

राहिले जेवण. आपल्याकडच्या सहलीत एक वाईट चाल आहे. बरोबर गॅसची शेगडी, पिठाचा डबा, तेलाचा डबा, आणि मुक्कामी पोचल्यावर बाईने पोळ्या लाटावयाच्या. पुरुष समुद्र पाहून येतात, बाई धर्मशाळेची मोरी पाहून येते. आमच्या भिशीच्या नियमात शेगडी नेण्यास मनाई आहे. यावर पहिल्या वर्षी पुष्कळ वाद झाला. गंमत अशी की, वाद घालणारे सगळे पुरुष होते. मालवणात घरगुती खानावळी पुष्कळ आहेत, चालविणाऱ्या बहुतेक बायका. तेथे पैसे दिले म्हणजे एका घरच्या बाईला सुट्टी मिळते आणि दुसऱ्या घरच्या बाईला मजुरी. खावे काय? मांसाहारी असाल तर बांगडा, सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे. तिरफळ घातलेली माशांची आमटी आणि शेवटी सोलकढी. काट्यांची आपल्या माणसाला सवय नसते, म्हणून पोरांना आधी सुरमईच द्यावी, तिला मोठा मधला काटा. शेगावची माळ गळ्यात असेल तर काजूची उसळ, फणसाची भाजी, खतखते, घावणे आणि नारळाचा रस. कोणी उपाशी राहत नाही. उकड्या तांदळाचा भात ज्वारीच्या माणसाला पहिल्या दिवशी चिकट वाटतो, तिसऱ्या दिवशी आवडतो. भाकरी मागितली तर तीही मिळते, तांदळाची. आणि त्यांना आपला ठेचा द्यावा. आम्ही एक डबा नेला होता. खानावळीच्या मालकिणीने चव घेतली, पाणी प्यायली, आणि कृती लिहून घेतली.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर न्याहारी सोडून जावे. लांबलचक जाळे अर्धगोलात पाण्यात टाकतात आणि दोन्ही टोके धरून पन्नास-साठ माणसे ते वाळूवर ओढून आणतात. म्हातारे, पोरे, सगळे. मग माशांचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आमच्या मंडळींनी न सांगता दोराला हात घातला. गाठी ओढायची सवय असलेले हात ते, रापणकरांनी लगेच ओळखले. शेवटी एका टोपलीत चार बांगडे टाकून तो म्हातारा म्हणाला, हा तुमचा वाटा. नको म्हटले तर रागावला.

परतीच्या प्रवासासाठी एक सूचना. सुके बांगडे आणि सुकट फार स्वस्त मिळते, आणि प्रत्येक तुकडीत कोणी तरी ते घेतोच. डबा बंद नसेल तर कुडाळपासून मलकापूरपर्यंत सगळा डबा, म्हणजे आगगाडीचा डबा, तुमच्याशी बोलणे टाकतो. त्यापेक्षा आमसुले आणावीत. वजनाला हलकी, वासाला बरी, आणि मीठ लावून नीट वाळवलेली असली तर वर्षभर टिकतात. उन्हाळ्यात त्यांचे सार करावे, ज्वारीच्या भाकरीशीही चालते. भिशीची नावनोंदणी सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत करता येईल. पुढच्या तुकडीत तीन कुटुंबांची जागा आहे, आणि हंगामी कामगारांची नावे आधी घेतली जातील.